रेषेच्या वरचा उजेड

धनश्री कामाला लागली तेव्हा ही पोरगी फार दिवस टिकणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. नगरच्या एमआयडीसीत आमचा गाड्यांचे दिवे बनवायचा कारखाना. तिथल्या अंधाऱ्या खोलीत दिवा लावून समोरच्या भिंतीवर उजेड कसा पडतो ते तपासणं, हे माझं काम. ती आली दिव्यांच्या भिंगांचं डिझाइन करायला. पहिल्याच दिवशी माझ्या भिंतीसमोर उभी राहून म्हणाली, "काका, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे इथं कुठं येतात?" बाकी सगळे विचारायचे, उजेड लांब किती जातो. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तिच्या प्रश्नाला कारण होतं. तिचे वडील भीमराज पाथर्डी-शेवगाव रस्त्यावर जीप चालवायचे. उसाच्या एका ट्रॅक्टरचा झोत डोळ्यांवर आला आणि जीप रस्त्याकडेच्या चारीत गेली. माणसं वाचली, पण भीमराजांनी दिवस मावळल्यावर स्टेअरिंगला हात लावायचं सोडलं. तेव्हापासून धनश्रीच्या डोक्यात एकच खूळ: ट्रॅक्टरला असा दिवा, ज्याचा उजेड एका रेषेच्या वर चढणारच नाही.

वर्षभर ती कॉम्प्युटरवर त्या भिंगाच्या बारीक खाचा बदलत बसली. चहा गार व्हायचा, आम्ही थट्टा करायचो, तिचं लक्षच नसायचं. शेवटी भिंगाचा पोलादी साचा तयार झाला, तोही नेमका खंडेनवमीच्या तोंडावर. त्या दिवशी आमच्याकडे मशिनपासून पान्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते. "साचा तुझा, मग पूजाही तूच कर," म्हणून आम्हीच तिला पुढं केलं. तिनं उघड्या साच्याला मनोभावे हळदकुंकू लावलं आणि आम्ही दसऱ्याच्या सुट्टीला घरोघर पांगलो.

सुट्टीनंतर साचा पुसून पहिली भिंगं काढली. मी दिवा लावला आणि माझाच चेहरा पडला. रेषा अगदी आखल्यासारखी सुरेख, पण तिच्या वर, नेमका डोळ्यांच्या जागी, धुरकट उजेड पसरलेला. साहेब म्हणाले, "डिझाइनच चुकलंय. साचा मोडीत काढा, जुनंच भिंग चालू ठेवू." मला धनश्रीकडे बघवेना.

दुपारी ती एकटीच खोलीत आली. "काका, दिवा लावा ना." भिंगावर बोटानं एकेक जागा झाकायची आणि भिंतीकडे बघायचं, असं तिचं सुरू झालं. बोट फिरलं की रेषेखालचा उजेड जरा मंद व्हायचा, वरचा मात्र ढिम्म हलायचा नाही. मी कंटाळून खुर्चीत बसलो, आणि एकदम वरचा उजेड गेला. साफ गेला.

"बोट कुठं आहे?" मी ओरडलोच.

ती बोटाकडेच बघत होती. उजव्या हाताची अनामिका. टोकाखाली भिंगावरचा पुसट डाग बरोब्बर मावला होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "कुंकू मी इथंच लावलं होतं."

ओलं कुंकू, त्यात सुट्टी! आरशासारख्या पोलादाला तेवढ्याच जागी गंज चढला होता. वरून पुसलं तरी खरखरीतपणा राहिला आणि तो प्रत्येक भिंगावर उमटला. तिच्या डिझाइनमध्ये काडीचीही चूक नव्हती. जीव इतका भांड्यात पडला की मला हसूच आवरेना. ती आधी रडली, मग तीही हसायला लागली. साच्याला पॉलिश करणारा आदिनाथ डाग घासून काढताना म्हणाला, "ताई, पुढच्या साली कुंकू बाहेरच्या अंगाला लावा. देवाला चालतंय."

नव्या भिंगाची तपासणी पार पडली, त्या दिवशी तिनं भीमराजांना बोलावून घेतलं. भिंतीपाशी, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या जागी त्यांना बसवलं आणि स्वतः दिव्यामागं जाऊन उभी राहिली. मी दिवा लावला. त्यांनी सवयीनं डोळ्यांवर आडवा हात धरला. त्यांची पावलं, गुडघे लख्ख उजळले होते. हात हळूहळू खाली आला.

"पुरा लावलाय का?"

"व्हय अण्णा, पुरा," धनश्री म्हणाली.

त्यांनी दिव्याच्या दिशेनं नजर रोखली.

"धने, दिव्यामागं तू उभी हायेस," ते म्हणाले. "दिसतीस की गं मला."