देवाला खुर्ची

दौंडकडच्या एका गावात ग्रामसभा होती. गावाचं गायरान सरपंचाच्या मेहुण्याला पेट्रोल पंपासाठी द्यायचा ठराव होता. सरळ सांगतो, ती चोरी होती. मी विरोधाची पत्रकं वाटली. लोकांनी त्या पत्रकांनी वारा घेतला.

तेवढ्यात मेंढरं राखणारी एक म्हातारी टोपलीत घरचा खंडोबा घेऊन आली. आधी तिनं देवाला खुर्ची मागितली.

सरपंच हसले. "मावशे, देवाला मत नसतं."

"नसू द्या. मला भ्या वाटतंय, म्हणून सोबतीला आणलाय. बोलणार मीच."

टोपली खुर्चीवर ठेवून तिनं पुढाऱ्यांपुढं भंडारा धरला. "ह्यो उचला आन् म्हना, गायरान गावासाठीच देतोय."

भंडारा उचलून खोटं बोलायची छाती आमच्याकडं कुणाचीच नाही. बघता बघता प्रत्येक पुढाऱ्यानं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. चहा संपला तरी कप खाली येईनात.

ग्रामसेवक म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं हात वर करा."

सगळे कपांत बघत बसले.

"विरोधात?"

म्हातारीचा हात वर गेला. मागं बायकांचे गेले, पत्रकांसकट. दुसऱ्या हातानं तिनं टोपली घट्ट धरली होती, देव मधूनच उठून जाऊ नये म्हणून.