नखांवरची नीळ

१९५७ च्या पावसाळ्यात, फ्ल्यूची साथ चालू असताना, राजूरच्या कोळसा खाणीच्या चाळीत माझी आई आजारी पडली. चाळीत तोवर एक माणूस त्याच साथीत गेला होता. त्याला शेवटी फार धाप लागली होती. त्यामुळे चाळीने एक खूणगाठ बांधली होती: धाप नाही, तर भीती नाही.

आईला धाप लागली नाही. ताप येऊन उतरला, थोडा खोकला राहिला. ती उठून कामाला लागली.

आदल्या वर्षी आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली होती. तेव्हापासून पौर्णिमेच्या वंदनेला बायका पांढरी लुगडी नेसत. खाणीजवळ पांढरे कापड पांढरे राहत नाही. ते निळीतून काढावे लागे आणि ते काम चाळीत आईचे होते. आषाढी पौर्णिमा जवळ आली होती. तिने शेजारणींची लुगडी धुतली. तिची नखे निळी दिसत होती, त्याचे कोणालाच नवल वाटले नाही.

शेजारची मावशी लुगडे न्यायला आली.

"अवं, नीळ लुगड्याले देतेत. तू तं सोताच बुडून आलीस!"

"तुह्या लुगड्यापायीच झालं ना," आई हसून म्हणाली.

वडील पाळीवरून आले. ते रोज साबण आणि राख घेऊन हाताचा कोळसा काढत. त्या दिवशी त्यांनी गमतीने आईचा हात ओढून घेतला आणि तिची नखे घासली. बोटे स्वच्छ झाली, नखे तशीच राहिली.

"कोळसा निघते, नीळ बी निघते," ते म्हणाले. "हे काहून निघून नाही राह्यलं?"

मावशीने आईची हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडे वळवले.

"अन् ओठाले कायची नीळ वं?"

आई म्हणाली, "मले काही झालं नाही. धाप लागली नाही तं दवाखान्यात कायले? भाकरी टाकाच्या हायेत."

"भाकरी मी टाकतो," मावशी म्हणाली. "तू जाय."

आई वडिलांबरोबर खाणीच्या दवाखान्यात पायी गेली. डॉक्टरांनी नखे पाहिली, जीभ पाहिली, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकले. मग तिला उठू दिले नाही. त्यांनी वडिलांना सांगितले ते असे: फुप्फुसे सुजली आहेत, रक्ताला हवा पुरत नाही. काही माणसांना अशा वेळी धाप लागतच नाही. ती बोलतात, हसतात, आणि अचानक कोसळतात. हिला ऑक्सिजन हवा.

दवाखान्यात ऑक्सिजन नव्हता. खाणीत विषारी वायू भरला तर आत शिरून माणसे काढता यावीत, म्हणून ऑक्सिजनचा एक भरलेला बाटला खाणीच्या तोंडाशी ठेवलेला असे. तो तिथून हलवायचा नाही, असा नियम होता. बाटल्याविना जीव धोक्यात येणार होता तो खाली उतरणाऱ्या पाळीचा, म्हणून खाणीच्या साहेबांनी निर्णय त्या पाळीतल्या माणसांवर सोडला. वडील त्या माणसांसमोर जाऊन उभे राहिले.

पाळीतला एक जण म्हणाला, "भाऊ, उभा काय राह्यला? उचल ना!"

दोघांनी बाटला खांद्यावर घेतला. बाकीचे खाली उतरले.

आईच्या नाकाशी नळी लावली. दुसऱ्या दिवशी ओठांचा रंग बदलू लागला, नखांना जास्त वेळ लागला. मावशी दोन्ही वेळा भाकरी आणून देई. आईची वंदना चुकली. तिने धुतलेली लुगडी नेसून बायका विहारातून थेट दवाखान्यात आल्या आणि खाटेभोवती उभ्या राहिल्या. मावशीने तिचा हात सर्वांना दाखवला. "पाहा, आता निघाली नीळ."

डॉक्टरांनी सोडल्यावर आई पायीच घरी आली. खाणीसाठी नवा बाटला त्यानंतर नागपूरहून आला. तो येईपर्यंत ती पाळी रोज बाटल्याविना खाली उतरत होती.