आकाशपाळण्यात आई

गावाबाहेरचं मनोरंजन उद्यान विकायला काढलंय, बहुतेक बंदच होईल, असं कळलं म्हणून आईला घेऊन गेले. लहानपणी आम्ही भावंडं आकाशपाळण्यात बसायचो आणि ती खाली पिशव्या सांभाळत उभी राहायची. आज रांगच नव्हती.

"आई, आज तूही बस."

ती बसली. सगळ्या पाळण्यात आम्ही दोघीच. वरून उद्यानातले कोरडे पडलेले तलाव दिसले. जागा जाणार म्हटलं की काहीतरी वाटायला हवं. मला काहीच वाटत नव्हतं.

"इथून मी दिसायचे का गं तुम्हाला?" आईनं विचारलं.

"दिसायचीस," मी म्हटलं. खरं तर आठवत नव्हतं.

पाळणा थांबला. चालवणारा म्हणाला, "मावशी, उतरताय?"

आई जागची हलली नाही. "फिरवा अजून," म्हणाली.