पार्किंगमधले पापड

धुळ्यातल्या आमच्या गल्लीतली चार घरं पाडून तिथं इमारत झाली. नावात ‘हाइट्स’ आहे, मजले चारच. पाडलेल्या घरांत आमचंही होतं. बदल्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि खाली नऊ बाय सोळा फुटांची पार्किंगची जागा. कार आमच्याकडे नाही, स्कूटर आहे.

उन्हाळा लागला तशी बायकोला काळजी लागली. गल्लीत उडदाचे पापड सगळ्या मिळून लाटतात, आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. ती चार जणींकडे लाटून आली होती. आता पाळी आमची, आणि सोसायटीचा यंदाचा नवा नियम असा की गच्चीवर बाहेरच्यांना बंदी.

“अहो, त्यांना परत पाठवलं तर पुन्हा मला कोण बोलावेल?”

त्या आल्या. सात जणी, काखेत पोळपाट. वॉचमननं कामवाल्या समजून त्यांना मागच्या जिन्याकडे वळवलं. तेवढ्यात अध्यक्ष खाली आले. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इथं राहायला आलेले गृहस्थ. त्यांच्यातल्या गादीवाल्याच्या बायकोच्या बुरख्याकडे बघत त्यांनी मला हळूच विचारलं, “या सगळ्या आपल्यातल्याच का?”

अक्का गल्लीतली सर्वांत थोरली, पण कान शाबूत. “आम्ही आठल्याच, भाऊ, याच गल्लीतल्या,” ती म्हणाली. “नवा तुम्ही शेतस.”

बायको माझ्याकडे बघत राहिली. करारनामा मी पुष्कळदा वाचला आहे. पार्किंगमध्ये वाहनच ठेवावं, असं त्यात कुठंही नाही. अध्यक्षांना तसं सांगितलं, स्कूटर बाहेर काढली आणि सतरंज्या अंथरल्या. उडदाचा पापड तसाही सावलीतच वाळवायचा असतो.

दुपारपर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही. अध्यक्षांच्या मिसेस बराच वेळ लिफ्टपाशी उभ्या होत्या. गादीवाल्याच्या बायकोनं तेलात बुडवलेली लाटी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती खाल्ली, आणखी एक मागून घेतली आणि म्हणाल्या, “आमची गाडी संध्याकाळशिवाय येत नाही. तिकडे पसरा ना.”

अध्यक्ष वर निघून गेले.

जाताना अक्कानं बायकोला उद्याचं बजावलं, “सकाय मन्हाकडे ये वं. पोळपाट इसरू नको.”

बायकोनं वर येऊन पोळपाट धुतला. स्वयंपाकघरात न नेता दाराशीच टेकवून ठेवला.