मावा हुंगणारे जिभाऊ

जिभाऊ दुकानात शिरले की आधी पोत्यात हात घालत, थेट कोपरापर्यंत. तळाचे तांदूळ मुठीत धरून वर काढत आणि दुकानदाराकडे न बघता म्हणत, "वरनं डोयासले, खालनं पोटले!" म्हणजे वरचं डोळ्यांसाठी, खालचं पोटासाठी.

नंदुरबारच्या ज्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, मी कारकून होतो, तिथं ते गाड्यांतून आलेला कापूस तपासत. वर कोरडा, आत पाणी मारलेला माल बघण्यात उमर गेलेली, त्यामुळं संशय हाडीमाशी खिळला होता. तूप तळहातावर चोळत. दूधवाल्याला रोज विचारत, "आज इहिरले पानी शे ना रे?"

दुकानदार त्यांना टाळत असतील, असं तुम्हाला वाटेल. छे! त्यांनी नाकारलेला माल पुढच्या गिऱ्हाइकाला "जिभाऊंनी पाहिलेला" म्हणून खपवत.

माणूस मात्र खाण्याचा शौकीन. बायको लवकर गेली, हातानं थापलेल्या भाकरीला विटलेले. पंगतीचं आमंत्रण आलं की आदल्या दिवशीच धोतर धुऊन ठेवत. चार माणसांत बसून जेवणं, एवढंच त्यांचं सुख होतं.

आमच्या गल्लीतल्या भिकाभाऊंच्या मुलीचं लग्न होतं. ऐन उन्हाळा, आणि गुलाबजामसाठी सुरतेकडच्या गाडीनं स्वस्तात मागवलेला मावा. जिभाऊ थेट आचाऱ्याकडे गेले, मावा हुंगला.

"भिकाभाऊ, हाऊ मावा आंबी गया. फेकी दे."

वऱ्हाड मांडवात बसलेलं. भिकाभाऊ तडकले, "जिभाऊ, तुमी जेवाले उनात का मावा सुंगाले?"

"जेवालेच उनू. म्हनीसन सांगस."

आणि उपाशीच निघून गेले.

गुलाबजाम त्याच माव्याचे झाले आणि संध्याकाळपर्यंत अर्धं वऱ्हाड तांब्या घेऊन शेताकडे पळत होतं. आता भिकाभाऊ जिभाऊंचे पाय धरतील, असं मला वाटलं. गल्लीनं निकाल दिला, "जिभाऊनी नजर लागनी!"

त्यानंतर त्यांना पंगतीचं बोलावणं बंद झालं. पण धसका सगळ्यांनीच घेतलेला. म्हणून कुणाकडे कार्य निघालं की आधी मावा नाहीतर तूप वाटीतून त्यांच्या मागच्या दारी जाई. ते हुंगत, "चाली" म्हणत. मग हळूच विचारत, "भाजी कसानी शे?"

वाटी आणणारा "वांगानी" म्हणून निघून जाई. मला गल्लीचा संताप येई.

पुढं जिभाऊ हिवतापानं गेले. गल्लीनं वर्गणी काढून तेरावं थाटात घातलं. पुढाकार भिकाभाऊंचाच. पानं मांडली, खीर आली, वरणावर तूप पडलं. वरण निवत गेलं, तरी जो तो शेजाऱ्याच्या पानाकडे बघत बसला. पहिला घास कुणी घेईना.