साखळीचा दिवा

आमच्या जिन्यातला बल्ब गेल्या उन्हाळ्यात गेला तो अजून गेलेलाच आहे, आणि घरधनी दिवे दुरुस्त करतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो बघायचा असेल तर आमच्याकडे या. गल्ली यांना होल्डरकाका म्हणते. माणूस कामाला चोख, पण बोलायचं म्हटलं की जिवावर येतं. रात्री मी पेपर वाचत असले तरी हे खुशाल दिवा घालवतात. विचारणं नाही, पुसणं नाही.

एकदा दुपारी डबा घेऊन दुकानात गेले, तर नर्सबाई एक दिवा घेऊन आलेल्या. निवृत्त होऊनही त्या आम्हाला नर्सबाईच. परदेशातली त्यांची थोरली बहीण वारली होती आणि तिच्या उशाशी असायचा तो दिवा भाच्याने पाठवून दिला होता. पितळी बूड, कापडी शेड आणि खाली लोंबणारी बारीक साखळी. होल्डर मात्र स्क्रूसारख्या आट्यांचा. आपला पिनांचा बल्ब त्यात काही बसेना.

"आपला बल्ब लागला पाहिजे बघा," एवढंच बोलून बाई गेल्या.

यांनी होल्डरच बदलला. वायर नवी, प्लग नवा. आट्यांत पिनांचा बल्ब बसवायला मधे अडॅप्टर लावणं यांना मुळीच खपत नाही. "उसनं अवसान आहे ते," म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हाच बाई आल्या. यांनी बटण दाबलं, दिवा लख्ख पेटला. हे ऐटीत माझ्याकडे बघतायत, आणि बाईंचा हात शेडखाली जाऊन तिथेच चाचपडतोय.

"साखळी कुठंय?"

"ती होल्डरबरोबर गेली. आता वायरवर बटण दिलंय, सोयीचं पडेल."

बाई स्टुलावर बसल्या. "रोज सकाळी मी चहा टाकायची, तेव्हा तिकडे रात्र. फोनवर बोलून झालं की ताई म्हणायची, 'झोपते गं,' आणि साखळी ओढायची. टक. ती टक ऐकल्याशिवाय मी कधी फोन ठेवला नाही. शेवटी ती दवाखान्यात होती. तिथे कुठली आलीय साखळी? ती तशीच गेली हो."

मला तर रडूच कोसळलं. यांनी भंगाराचं खोकं उचललं आणि जमिनीवर पालथं केलं.

"अहो, आधी जेवा तरी."

"हं."

तळाशी तो जुना होल्डर सापडला, साखळीसकट. आपल्या विजेवर चालतो की नाही ते नीट तपासून यांनी तो परत दिव्यात बसवला. मग कपाटाच्या मागून चक्क एक अडॅप्टर निघाला! जन्मभर नावं ठेवली, आणि बाळगला होता म्हणजे.  मी ते लक्षात ठेवलं.

पण अडॅप्टरमुळे बल्ब उंच झाला आणि शेडला टेकायला लागला. शेड पेलणारी तार आखूड पडत होती. यांनी इकडे तिकडे पाहिलं, बाहेर गेले आणि स्वतःच्या सायकलचे दोन आरे काढून आणले. या सायकलला मलासुद्धा हात लावायची परवानगी नाही. आरे वाकवून त्यांनी नवी उंच तार केली. शेड बसली. जरा तिरकी, पण बसली. यांनी दिवा लावला.

"ओढा," हे म्हणाले.

बाईंनी साखळी धरली.  मग हळूच म्हणाल्या, "झोप हं ताई."

टक.

दिवा विझला. बाईंनी डोळे पुसले, दिवा पोटाशी धरला आणि घरी गेल्या.

संध्याकाळी हे सायकल हातात धरून चालत आले. जेवणं झाली, मी पेपर उघडला. यांचा हात नेहमीप्रमाणे बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"घालवू का गं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच विचारलं. मला पेपर वाचायचाच होता, पण मी घडी केली.

"घालवा," म्हटलं. "झोपते मी."