आडनाव एक, घरं वेगळी

"रक्तात क्लेबसिएला सापडलाय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. क्लेबसिएला हा एक जंतू. माझी लेक तेव्हा नऊ दिवसांची होती. वेळेआधी जन्मलेली, म्हणून नवी मुंबईच्या एका हॉस्पिटलात, एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात.

आम्ही काशीदचे कोळी. मासळी सुकवणं हे माझं काम. शेजारच्या काचेच्या पेटीत माणगावच्या रेश्माचा मुलगा होता. आठवडाभर आम्ही दोघी एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो.

दुसऱ्या दिवशी त्याच्याही रक्तात क्लेबसिएलाच निघाला. एकाचा दुसऱ्याला लागला असावा, म्हणून आम्हा आयांना आत जाणं बंद झालं. रेश्मा जिन्यापाशी जाऊन बसली. तिची सासू मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "मासळीचे हात घेऊन आत जातात, मग काय होणार?"

मी दिवसभर हात धूत राहिले.

मॅडम म्हणाल्या, "नाव सारखं म्हणजे जंतू तोच, असं नसतं. स्ट्रेन बघू." भातात जसे वाण, तसे जंतूतले स्ट्रेन. तपासणीचं नाव इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी. वाढवलेल्या जंतूंवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतात. जंतू तो किती शोषतात, त्याची वळणदार रेघ मशीन काढतं. मग कुठली रेघ कुठल्या रेघेच्या किती जवळची, ते संगणक संख्याशास्त्राने ठरवतो.

दोन दिवसांनी मॅडमनी आम्हा दोघींना एकत्र बोलावलं. "जंतूंचं आडनाव एक, पण घरं वेगळी. एकाचा दुसऱ्याला लागलेला दिसत नाही."

"म्हणजे माझ्यामुळे त्याला न्हाय?"

"नाही. हात धुवा आणि आत या."

रेश्माने मला मिठीच मारली. सासूबाईंनी चहा आणून माझ्या हातात दिला. "चुकलं गं पोरी," म्हणाल्या.

तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर शेजारच्या आईचा आणि स्वतःचाही न्याय इतक्या घाईने करू नका. डॉक्टरांना विचारा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. आमच्या मॅडम तीनदा विचारलं तरी कंटाळल्या नाहीत.

औषध दोन्ही बाळांना लागू पडलं. ताप उतरल्यावर सिस्टरने लेकीला पहिल्यांदा माझ्या छातीवर ठेवलं. एवढंसं तोंड उघडून तिने मोठ्ठी जांभई दिली. मी आणि रेश्मा इतक्या हसलो, की सिस्टर म्हणाली, "हळू गं, बाकीची बाळं उठतील!"